रिद्धपूर ते वाशीम : वऱ्हाडातील स्त्रियांच्या केसांचा इतिहास

वऱ्हाडात स्त्रीच्या भादरलेल्या डोक्याला दोन अर्थ होते आणि ते दोन्ही शेकडो वर्षे शेजारी शेजारी नांदले. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात महानुभाव संन्यासिनी मुंडन करून घेत, ती घर सोडल्याची खूण होती. त्याच मुलखातल्या ब्राह्मण घरांत नवरा वारलेल्या बाईचे डोके भादरले जाई आणि त्यानंतर तिने उरलेले आयुष्य घराच्या मागच्या खोलीत काढायचे असे. पहिले मुंडन दीक्षा मागणारी स्त्री स्वतः मागून घेई. दुसऱ्याला केशवपन म्हणत. तिथे जिचे केस, तिलाच कुणी विचारत नसे. एकोणिसाव्या शतकात केशवपनाविरुद्ध जे काही लिहिले-बोलले गेले, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता : डोके बाईचे, तर त्यावर हुकूम कोणाचा?

रिद्धपूरची परंपरा जुनी आहे. तेराव्या शतकात गोविंदप्रभू तिथे राहत होते आणि त्यांना गुरू मानणाऱ्या चक्रधरस्वामींनी महानुभाव पंथ उभा केला. चक्रधरांनी उपदेश मराठीत केला आणि संन्यासाचा मार्ग स्त्रियांनाही खुला ठेवला. स्मृतींच्या चौकटीत बाईला संन्यास नव्हता. बाप, नवरा आणि मुलगा यांच्या आधारानेच तिने राहायचे होते. चक्रधरांच्या भोवती मात्र बाइसा, महदाइसा, उमाइसा, देमाइसा अशा कितीतरी स्त्रिया दिसतात. घर मागे टाकून त्या भिक्षा मागत, गावोगाव फिरत आणि स्वामींना प्रश्न विचारत. म्हाइंभटाने रिद्धपुरात बसून चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्या ग्रंथात या स्त्रियांची नावे, त्यांच्या शंका, त्यांचे रुसवेफुगवेसुद्धा आले आहेत. मराठी गद्याच्या पहिल्या मोठ्या ग्रंथात इतक्या बाया बोलताना ऐकू येतात, ही गोष्ट वऱ्हाडाने अभिमानाने सांगावी अशी आहे.

त्यांतली महदाइसा बालविधवा होती. तिचे मूळ नाव रूपाइसा. जिज्ञासू म्हणून तिची ख्याती होती. एखादी गोष्ट पटेपर्यंत ती विचारीत राही. रिद्धपुरात गोविंदप्रभूंच्या पुढे तिने रुक्मिणीस्वयंवरावर धवळे रचले आणि मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव राहिले. घरात राहिली असती, तर विधवा म्हणून शुभकार्यात तिचे तोंडही कुणी पाहिले नसते. पंथात आल्यावर तिने लग्नाचीच गाणी रचली. चक्रधरांनी विटाळाबद्दल जे सांगितले तेही लक्षात घ्यायला हवे. नाकातून, तोंडातून जसे मळ बाहेर पडतात तसाच मासिक पाळी हा देहाचा एक धर्म आहे, त्याने कुणी अपवित्र होत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय ‘लीळाचरित्रा’त आहे. शरीराकडे इतक्या सरळ नजरेने पाहणाऱ्या पंथात भादरलेल्या डोक्याला अपशकुनाचा वास नव्हता.

पुढच्या शतकांत पंथ सांकेतिक लिपीच्या आड गेला आणि बाहेरच्या समाजात ‘मानभावां’विषयी वाईटसाईट पसरत राहिले. तरी इंग्रज अमदानीतल्या वर्णनांतही डोके भादरलेले, काळसर वस्त्रे घालणारे संन्यासी आणि संन्यासिनी दिसतात. मठातले जीवन मोकळे होते असे समजू नये. तिथेही महंत होते, नेम होते, कडक शिस्त होती. पण त्या शिस्तीत बाई आपल्या पायांनी शिरलेली असे, आणि संन्याशाचे डोके व संन्यासिनीचे डोके यांत भेद नव्हता. दोघांनी एकाच रीतीने केस उतरवलेले असत.

केशवपनात नेमका हा भेद होता. बायको मेली म्हणून पुरुषाला जन्मभर काही उतरवावे लागत नसे. दहाव्या दिवसाचे क्षौर झाले की तो मोकळा, आणि वर्ष उलटण्याआधी पुन्हा बाशिंग बांधायलाही मोकळा. विधवेचे वपन मात्र एकदा करून संपत नसे. केस वाढले की न्हावी पुन्हा येई, आणि हे ती मरेपर्यंत चाले. या रूढीला स्कंदपुराणातल्या काशीखंडाचा आधार सांगितला जाई : विधवेने वेणी बांधली तर परलोकात नवऱ्याला बंधन पडते. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी सगळी वचने तपासून दाखवले की, जुन्या स्मृतींत या रूढीला भक्कम आधार नाही आणि ती पुष्कळ उशिरा रुजली. शास्त्राचा आधार इतका पातळ असताना वस्तरा इतका धारदार कसा राहिला, याचे उत्तर पोथीत सापडत नाही. ते घराच्या व्यवहारात सापडते. विधवा तरुण असे, कित्येकदा दहा-बारा वर्षांची पोर असे. तिचे दुसरे लग्न करायचे नाही हे ठरलेले. मग ती कुणाच्या नजरेत भरू नये आणि घराची अब्रू जाऊ नये, म्हणून तिला विद्रूप करून ठेवायचे.

ते कसे केले जाई हे जवळून पाहिले पाहिजे. न्हावी मागच्या दाराने परसात येई. खांद्यावर धोकटी असे. तिच्यातून वस्तरा, पाण्याची वाटी आणि धार लावायचा दगड निघे. मुलगी लहान असेल तर घरातलीच एखादी वडीलधारी बाई, पुष्कळदा स्वतः वपन झालेली, तिला धरून बसे. न्हाव्याने आधी मधोमध वस्तरा फिरवला की मागे फिरण्याची वाट उरत नसे. केस जमिनीवर पडत, अंगावर पाणी ओतले जाई आणि तांबडे आलवण नेसवले जाई. चोळी गेली, कुंकू गेले, बांगड्या आधीच फुटलेल्या असत. तेव्हापासून ती ‘सोवळी’. जिने केस ठेवले ती ‘सकेशा’, आणि सकेशेच्या हातचे पाणी देवाला आणि पितरांना चालत नसे. म्हणजे केस ठेवणाऱ्या विधवेला स्वयंपाकघरात जागा नाही, आणि स्वयंपाकघरात जागा नसलेल्या विधवेला एकत्र कुटुंबात दोन घास मिळण्याचीही शाश्वती नाही. ‘बोडकी’ हा शब्द शिवी म्हणून वापरला जाई. सकाळी घराबाहेर पडताना ती समोर आली तर माणसे माघारी फिरत.

वऱ्हाडातल्या सगळ्याच समाजांत ही चाल नव्हती. कुणबी, माळी, महार आणि इतर कष्टकरी जातींत विधवेचा पाट, म्हणजे दुसरे लग्न, लागे. तिचे दोन हात शेतात लागत, तिला कोपऱ्यात बसवणे कुणालाच परवडणारे नव्हते. परंतु प्रतिष्ठा वाढली की वरच्यांची रीत उचलण्याचा मोह होतो. देशमुखी, पाटीलकी मिरवणाऱ्या मराठा घराण्यांत पाट बंद झाला होता. वपन नसले तरी विधवेचे आयुष्य तितकेच कोंडलेले असे. या घराण्यांतलीच एक स्त्री पुढे या कोंडमाऱ्यावर सर्वांत परखड बोलली.

१८५३ साली निजामाशी झालेल्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. पुढे कापसाला भाव आला आणि १८६७ साली भुसावळहून नागपूरपर्यंत रेल्वे धावू लागली. कचेऱ्या, कोर्टे, शाळा यांसाठी इंग्रजी शिकलेली माणसे हवी होती. ती पुण्याकडून, साताऱ्याकडून, कोकणातून आली. या कारकून-वकील-मास्तरांबरोबर अकोला आणि अमरावतीत दोन गोष्टी आल्या. एक, माजघरातले सोवळे, आणि दुसरी, वर्तमानपत्र. पुढची पन्नास वर्षे या दोहोंची झटापट एकाच घराच्या छपराखाली चालली.

त्या काळात अकोल्याला आलेल्यांत गोपाळ गणेश आगरकर हा एक गरीब मुलगा होता. जन्म १८५६ चा, साताऱ्याकडच्या टेंभू गावचा. शिक्षणासाठी ठिकठिकाणी आसरा शोधत तो अकोल्यातल्या नातेवाइकांकडे पोचला. तिथल्या शाळेत विष्णु मोरेश्वर महाजनी हे विद्वान शिक्षक त्याला लाभले आणि ‘वऱ्हाड समाचार’ या अकोल्याच्या पत्रात लिहिण्याची संधी मिळाली. १८७५ साली मॅट्रिक होऊन आगरकर पुण्याला गेले. महाराष्ट्र ज्यांना ‘सुधारक’कार म्हणून ओळखतो, त्यांचा लिहिता हात अकोल्यात वळला, याची आठवण आता अकोल्यातही फारशी निघत नाही.

१८८८ च्या ऑक्टोबरात ‘सुधारक’ सुरू झाला आणि आगरकरांनी केशवपनावर वारंवार प्रहार केले. त्यांचा विशेष असा की ते शास्त्रवचनांच्या भांडणात शिरत नसत. माणसाच्या बुद्धीला आणि न्यायबुद्धीला हे पटते का, एवढाच प्रश्न ते टाकीत. स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत, असा निबंधही त्यांनी लिहिला. आज तो विषय किरकोळ वाटेल. पण बाईने अंगात काय घालावे, डोक्यावर काय ठेवावे, हे तिच्या सोयीने आणि आरोग्याने ठरावे, रूढीने नव्हे, ही भूमिका त्या काळी किती जड होती हे पुढच्या घटनेवरून कळते. पुण्यातल्या सनातन्यांनी आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. आगरकर १८९५ मध्ये अवघ्या ३९ व्या वर्षी गेले.

‘सुधारक’ निघण्याआधी सहा वर्षे वऱ्हाडाच्या पश्चिम टोकाला, बुलढाण्यात, एक पुस्तक लिहिले गेले होते. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले, पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध होता. त्यांनी मुलीला मराठीबरोबर संस्कृत आणि इंग्रजीचीही ओळख करून दिली.

पुस्तकाचे निमित्त सुरतेकडचे. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला १८८१ साली आपल्या तान्ह्या मुलाला मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी झाली, पण वर्तमानपत्रांनी या निमित्ताने सगळ्या स्त्रीजातीच्या नीतीवर तोंडसुख घेतले. ताराबाईंनी उलट विचारले की, ज्या दोषांसाठी बाईला नावे ठेवता ते पुरुषांत नाहीत काय? विधवेच्या वपनाचा प्रश्न त्यांनी याच ओघात घेतला. नवरा मेला यात बाईचा काय अपराध, आणि तिचे केस कापून ज्यांचे डोळे निवतात त्यांना लाज कशी वाटत नाही, असा त्यांचा रोख होता. पंडितांना त्या शास्त्राचा अर्थ विचारीत नाहीत. त्या चारचौघींत बोलल्यासारख्या, घरातल्या भाषेत, रागाने आणि तपशिलाने बोलतात. तो राग आज वाचतानाही ताजा लागतो. स्वतः मराठा घराण्यातल्या, म्हणजे वपनाची टांगती तलवार नसलेल्या बाईने ब्राह्मण विधवेसाठी लेखणी उचलली, याचे मोल विशेष आहे.

पुस्तकावर टीका झाली आणि ती सत्यशोधकांच्या गोटातूनही झाली. तेव्हा जोतीराव फुले ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकाच्या १८८५ च्या अंकात त्यांनी टीकाकारांना उत्तर दिले आणि ताराबाईंचा उल्लेख मायेने आपल्या मुलीसारखा केला. फुल्यांनी १८६३ सालीच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते आणि एका विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला होता. ताराबाईंनी या पुस्तकानंतर दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले नाही. ‘स्त्री-पुरुष तुलना’ विस्मरणात गेले आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले, तेव्हा कुठे महाराष्ट्राला बुलढाण्याच्या या बाईची ओळख झाली.

केशवपनाच्या व्यवहारात दोन माणसे समोरासमोर येत : विधवा आणि न्हावी. दोघांच्याही मर्जीला तिथे किंमत नव्हती. न्हावी बलुतेदार, गावकीने बांधलेला. बोलावले की धोकटी घेऊन जायचे. लहान मुलीच्या रडण्याने त्याचा हात थरथरला तरी तो थांबवण्याचा हक्क त्याला नव्हता. तो हक्क न्हाव्यांनी १८९० साली घेतला. ‘दीनबंधु’चे संपादक आणि गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचे केस यापुढे भादरायचे नाहीत असा ठराव झाला. त्याची बातमी विलायतेतल्या वर्तमानपत्रापर्यंत गेली. बड्या बड्या परिषदांत वर्षानुवर्षे नुसते ठराव होत होते. इथे ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. एका दिवसाची मजुरी बुडवून कुणाच्या तरी लेकीची वेणी वाचवणाऱ्या या माणसांची नावे इतिहासाने फारशी जपली नाहीत.

त्याच सुमारास पंडिता रमाबाईंचे काम सुरू झाले होते. १८८२ साली पती वारल्यावर त्या पुण्याला आल्या. सोवळ्या विधवेचे रूप त्यांनी घेतले नाही, पण सवाष्णीचा साजही केला नाही. पांढरे पातळ आणि आखूड कापलेले केस, असे त्यांचे स्वतःचे रूप त्यांनी ठरवले. त्यांच्या छायाचित्रांत ते आजही दिसते. आखूड केसांची ही विधवा रूढीच्या कुठल्याच खणात बसत नव्हती, आणि त्यामुळेच ती लोकांना जास्त खुपली. १८८९ च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईला भरलेल्या सामाजिक परिषदेत केशवपनाच्या ठरावावर त्या भर सभेत बोलल्या. पुरुषांनी भरलेल्या मंडपात विधवांच्या केसांवर एका विधवेने बोलण्याचा तो प्रसंग होता. १८९० पासून ह. ना. आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीतली यमू घराघरांत पोचू लागली. कादंबरीच्या शेवटी तिचे बळजबरीने वपन होते. ज्यांनी ठराव कधी वाचले नसते अशा माजघरातल्या बायकांनी यमूसाठी डोळे पुसले.

वऱ्हाडाच्या शेजारी, वर्ध्याला, १८९३ च्या अखेरीस धोंडो केशव कर्वे यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिच्याशी त्यांनी त्याच वर्षी मार्चमध्ये लग्न केले होते. गोदूबाई आता आनंदीबाई, पुढे सगळ्यांच्या ‘बाया’ झाल्या. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि म्हणून अधिक सांगण्यासारखी. विसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या, वपन झाले. पुढे कर्व्यांनी विधवांसाठी काढलेल्या आश्रमात शिकून त्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. सोवळ्या बाईच्या वेशात त्यांना जुन्या वळणाच्या घरांतही प्रवेश मिळे, त्यांचे बोलणे ऐकून घेतले जाई. ज्या डोक्याने त्यांना कोपऱ्यात बसवायचे होते, त्याच डोक्याच्या आधाराने त्या घरोघर गेल्या. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी वपन थांबवले आणि केस वाढू दिले. नातलगांनी नावे ठेवली, ओळखीच्यांनी तोंड फिरवले. त्या ढळल्या नाहीत. १९१८ साली त्या एकट्या अमेरिकेला गेल्या आणि आश्रमासाठी पैसे जमवून परतल्या. ‘माझी कहाणी’ या १९२८ च्या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळे साध्या शब्दांत लिहिले आहे.

अमरावतीला मोठा मंडप पडला तो १८९७ च्या डिसेंबरात. राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन तिथे भरले. अध्यक्ष चेत्तूर शंकरन नायर, स्वागताध्यक्ष अमरावतीचेच वकील दादासाहेब खापर्डे. टिळक त्या वेळी राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. राष्ट्रीय सभेबरोबरच सामाजिक परिषदही भरली आणि न्यायमूर्ती रानडे यांनी जुने पुनरुज्जीवित करावे की सुधारणा करावी, या विषयावर आपले प्रसिद्ध भाषण अमरावतीत केले. जुने परत आणा म्हणणाऱ्यांना त्यांनी विचारले, कोणते जुने? नियोग परत आणायचा? आठ प्रकारचे विवाह? यज्ञातले पशुबळी? रूढी बदलत आल्या आहेत, तेव्हा एका काळाची रूढी सनातन कशी म्हणायची, असा त्यांचा मुद्दा होता. बदलायला हव्यात त्या मुळाशी असलेल्या कल्पना, आणि त्यांत आतल्या सदसद्विवेकापेक्षा बाहेरच्या बळापुढे मान तुकवण्याची सवय त्यांनी आवर्जून सांगितली. केशवपनाला याहून नेमके वर्णन सापडणार नाही. रानड्यांच्या बाबतीत दुसरी गोष्टही नोंदवली पाहिजे. १८७३ साली पहिली पत्नी वारल्यावर सुधारकांच्या अपेक्षेप्रमाणे त्यांनी विधवेशी लग्न केले नाही. वडिलांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. बाहेरच्या बळाचा दाब किती असतो, हे त्यांना स्वतःच्या घरात कळले होते.

अमरावतीत सुधारणेचा धागा पुढे नेणाऱ्या घरांत मोरोपंत जोशी यांचे घर ठळक होते. मोरोपंत अमरावतीचे नामांकित वकील, पुढे मध्य प्रांताच्या सरकारात गृहखात्याचे सभासद झाले आणि त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. पत्नी यशोदाबाई यांनी लग्नानंतर शिक्षण घेतले, अमरावतीतल्या स्त्रियांना घराबाहेर आणण्याचे काम केले आणि आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. ‘आमचा जीवनप्रवास’ या नावाने त्या १९६५ साली प्रसिद्ध झाल्या. १९२८ साली केंद्र सरकारने संमतिवयाची चौकशी करण्यासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्षपद मोरोपंतांकडे आले. समितीने देशभर साक्षी घेतल्या आणि बालविवाहाने मुलींच्या शरीरांची काय दशा होते ते पुराव्यानिशी मांडले. १९२९ च्या सप्टेंबरात बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा संमत झाला आणि १ एप्रिल १९३० पासून मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरले. केशवपनाच्या प्रश्नाशी या कायद्याचे नाते अगदी थेट आहे. आठव्या वर्षी लग्न झाले नाही, तर दहाव्या वर्षी वैधव्य येत नाही. त्या दोन आकड्यांमध्ये हजारो मुलींच्या वेण्या अडकलेल्या होत्या.

केशवपनावर वेगळा कायदा इंग्रज सरकारने केला नाही. १८५७ नंतर धर्माच्या बाबतीत हात घालायला ते कचरत होते. रूढी विरत गेली ती शाळा, नोकऱ्या, छोटी कुटुंबे आणि मुलीचे वाढलेले लग्नाचे वय यांच्या एकत्र रेट्याने. नाटकांनीही हातभार लावला. वऱ्हाडात खामगाव आणि जळगाव-जामोद इथे वकिली करणाऱ्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘मतिविकार’ नाटकात विधवाविवाहाचा विषय रंगभूमीवर आणला. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मर्यादित हक्क दिला. तो अपुरा होता, पण अन्नासाठी वस्तऱ्यापुढे मान वाकवायची सक्ती त्याने सैल केली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तो हक्क पूर्ण केला.

ज्या समाजांत केशवपन नव्हते, तिथल्या स्त्रियांच्या अंगावरही बंधनाच्या खुणा होत्याच. त्या जातीच्या होत्या. लुगडे किती वर नेसायचे, दागिने कोणत्या धातूचे, यावरून अस्पृश्य समाजातली बाई दुरूनच ओळखू यावी अशी योजना होती. महाडच्या दुसऱ्या परिषदेच्या वेळी, १९२७ च्या डिसेंबरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांसमोर बोलताना या खुणा टाकून द्यायला सांगितले. वरच्या जातीच्या बायका नेसतात तसे नेसा, जड दागिने काढून टाका. बायकांनी ते तिथल्या तिथे अंगीकारले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली होती. अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा प्रश्न तेव्हा शहरात पेटला होता. पंधरा वर्षांनी, १९४२ च्या जुलैत, नागपूरला दलित वर्गाच्या महिलांची अखिल भारतीय परिषद झाली तेव्हा अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. आपल्या भाषणात त्यांनी संततिनियमनाचा प्रश्न मांडला. बाईच्या शरीराचा निर्णय बाईकडे असावा, ही गोष्ट १९४२ साली भर अधिवेशनात बोलणारी स्त्री अमरावतीची होती.

तोवर वऱ्हाडातल्या ब्राह्मण घरांतल्या मुली कॉलेजात पोचल्या होत्या. गीता साने यांचा जन्म १९०७ चा, वाशीमचा. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते. नागपूरला त्यांनी विज्ञानाचे उच्च शिक्षण घेतले आणि तिशी गाठण्याच्या सुमारास कादंबऱ्या लिहायला घेतल्या : ‘निखळलेली हिरकणी’, ‘हिरवळीखाली’, ‘लतिका’, ‘फेरीवाला’. त्यांच्या नायिका शिकलेल्या आहेत, स्वतः कमावू पाहतात आणि मंगळसूत्र व कुंकू अंगावर का बाळगायचे, असे विचारतात. आजीच्या पिढीत नवरा गेल्यावर कुंकू पुसले जाई आणि केस उतरवले जात. नातीच्या पिढीत बाई नवरा जिवंत असतानाच त्या कुंकवाचा अर्थ विचारू लागली. दोन्ही खुणा एकाच झाडाच्या फांद्या आहेत, हे सान्यांनी फार लवकर ओळखले. त्यांच्या काळी त्या कादंबऱ्यांना हवी ती दाद मिळाली नाही. पुढे डाकूंच्या मुलखात फिरून त्यांनी ‘चंबळची दस्युभूमी’ लिहिले आणि आयुष्याच्या उत्तरार्धात भारतीय स्त्रीजीवनाचा इतिहास.

वपन संपले तरी विधवेच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे चालू राहिले. जे हात पूर्वी लहान मुलीला न्हाव्यापुढे धरून बसत, तेच या विधींत पुढे असत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव करून या प्रथा गावात बंद केल्या. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने सर्व ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्यास सांगणारे परिपत्रक काढले. त्यात अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ या वऱ्हाडातल्या पाचही जिल्ह्यांतली गावे आली. रिद्धपुरात महानुभाव तपस्विनी आजही राहतात.